एकच भेट आणि बारा वर्षांची तयारी



दूरच्या एखाद्या चंद्रावर माणूस गेलेला नाही, यान उतरलेले नाही, तिथली चिमूटभर माती कुणी आणलेली नाही. तरीही तिथे थंडी किती, हवा कसली आणि ती किती विरळ, हे शास्त्रज्ञ आकड्यांनिशी सांगतात. ऐकणाऱ्याला शंका येणारच. ती यावीही. आम्हा कारकून माणसांना तर सवयच असते की, नुसता आकडा पाहून सही करावयाची नाही. तो कुठून आला ते आधी तपासावयाचे. म्हणून या खेपेस आम्ही एकाच चंद्राचे उदाहरण घेऊन हा आकडा येतो कुठून ते सांगणार आहोत. त्या चंद्राचे नाव ट्रायटन.

ट्रायटन हा नेपच्यून ग्रहाचा सर्वांत मोठा चंद्र. १८४६ सालच्या सप्टेंबरात नेपच्यूनचा शोध लागला आणि अवघ्या सतरा दिवसांनी, १० ऑक्टोबर रोजी, इंग्लंडच्या विल्यम लॅसेल यांनी त्याचा हा चंद्र हेरला. लॅसेल कुठल्या विद्यापीठातले पगारी शास्त्रज्ञ नव्हते. त्यांचा धंदा बिअर गाळण्याचा, पण वेड आकाशाचे! धंद्यातल्या कमाईतून त्यांनी मोठी दुर्बीण स्वतः तयार केली होती.

त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे ट्रायटन हा दुर्बिणीतला एक ठिपकाच राहिला. तो नेपच्यूनभोवती पाच दिवस एकवीस तासांत एक फेरी घालतो, आणि नेपच्यून स्वतःभोवती ज्या दिशेने फिरतो त्याच्या नेमका उलट फिरतो, एवढे कळले होते. पुढे त्याच्या प्रकाशाची छाननी करून तिथे मिथेन आणि नायट्रोजन असावेत असाही सुगावा लागला. पण त्याचा आकार मात्र ठाऊक नव्हता. कारण असे की, दुरून दिसणारा तेवढाच उजेड दोन प्रकारे पडू शकतो : अंग मोठे पण मळकट असेल तर, किंवा अंग लहान पण पांढरेशुभ्र असेल तर. जुन्या पुस्तकांतून ट्रायटन आपल्या चंद्राहूनही मोठा असावा असे लिहिलेले सापडते. तिथे द्रवरूप नायट्रोजनचे समुद्र असतील, असाही तर्क काहींनी केला होता. खरे काय ते जवळ गेल्यावाचून कळणार नव्हते.

म्हातारे यान, लांबचा पल्ला

२० ऑगस्ट १९७७ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’ या संस्थेने व्हॉयेजर-२ हे यान सोडले. मंजुरी होती ती फक्त गुरू आणि शनी या दोन ग्रहांपुरती. गुरू १९७९ साली झाला, शनी १९८१ साली झाला. यान चालते आहे असे पाहून ते पुढे युरेनसकडे नेले, तोही १९८६ साली झाला, आणि मग नेपच्यून व ट्रायटनचा बेत पक्का झाला.

पण यान धडधाकट राहिले नव्हते. एप्रिल १९७८ मध्ये, म्हणजे सोडल्यापासून वर्षाच्या आतच, पृथ्वीचे संदेश ऐकणारे मुख्य यंत्र बंद पडले. राखीव यंत्र होते, पण तेही अधू. पृथ्वीवरून येणाऱ्या लहरीत थोडा बदल झाला की तो त्याला पकडता येईना. मग इंजिनियरांनी काय करावे? यानाचा वेग, तापमान, पृथ्वीचे फिरणे या साऱ्यांचा हिशेब करून त्याला नेमकी ऐकू येईल अशीच लहर प्रत्येक वेळी पाठवायची. पुढे शनीजवळ कॅमेरे फिरवणारा सांधाच अडकला. तो कसा अडकला याचा अभ्यास करून, हळूहळू फिरवला तर चालतो, हे शोधून काढले. आपल्याकडे गिरणीतला जुना कामगार मशीनच्या आवाजावरून तिची खोड ओळखतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की, हे मशीन कोट्यवधी किलोमीटर दूर होते आणि त्याला हात लावण्याची सोय नव्हती!

आणखी एक अडचण उजेडाची. नेपच्यूनपाशी सूर्याचा प्रकाश पृथ्वीच्या सुमारे नऊशेव्या हिश्श्याइतकाच पोहोचतो. एवढ्या अंधुक उजेडात फोटो काढायचा तर कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवावी लागते. पण यान तर प्रचंड वेगाने धावते आहे. धावत्या गाडीतून रुळालगतच्या झाडाचा फोटो काढला तर तो फराटा उमटतो. त्यावर उपाय म्हणून झडप उघडी असेल तेवढा वेळ सबंध यानच हळूच वळवायचे, म्हणजे कॅमेऱ्याची नजर एकाच जागी खिळून राहील. हे सारे नवे शिक्षण यानाच्या संगणकाला पृथ्वीवरूनच रेडिओने पाठवले गेले.

यानाचा रेडिओ सुमारे वीस वॅटचा, आणि अंतर चारशे कोटी किलोमीटरांहून अधिक. पृथ्वीवर पोहोचेपर्यंत त्याचा आवाज अतिशय क्षीण होऊन जाई. म्हणून नासाने आपल्या चौसष्ट मीटर रुंदीच्या तबकड्या वाढवून सत्तर मीटरच्या केल्या. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमधील सत्तावीस तबकड्यांचा मोठा संच आणि ऑस्ट्रेलियातील पार्क्सची दुर्बीण यांनाही कामाला लावले. एका कानाला ऐकू येईना, तेव्हा अनेक कान एकत्र केले.

परत संधी नाही

यान ट्रायटनपाशी थांबणार नव्हते. थांबवायला लागणारे इंधनच त्याच्याजवळ नव्हते. शिवाय ट्रायटनच्या जवळून जायचे तर आधी नेपच्यूनच्या उत्तर ध्रुवावरून, ढगांपासून जेमतेम पाच हजार किलोमीटरवरून यान न्यायचे, म्हणजे नेपच्यूनचे गुरुत्वाकर्षण त्याची वाट वाकवून त्याला ट्रायटनकडे वळवील, असा मार्ग आखला होता. ही वाट धरली की पुढे दुसरा कुठलाही ग्रह गाठता येणार नव्हता.

पृथ्वीवरचा संदेश तिथे पोहोचायला चार तास सहा मिनिटे लागत, उत्तर यायला तितकीच. म्हणजे काही चुकले तर ते कळेपर्यंत वेळ टळून गेलेली असणार. कुठल्या क्षणी कुठे वळायचे, कुठला फोटो किती सेकंदांचा काढायचा, हे सारे आधीच लिहून यानात भरून ठेवावे लागले. परीक्षेला एकदाच बसायचे, फेरपरीक्षा नाही आणि पुरवणीही नाही, असा हा मामला होता.

२५ ऑगस्ट १९८९ रोजी व्हॉयेजर-२ नेपच्यूनच्या माथ्यावरून गेले आणि पाच तासांनी ट्रायटनपासून सुमारे चाळीस हजार किलोमीटरवरून पुढे निघून गेले. पृथ्वीपासून आपला चंद्र जितका दूर आहे, त्याच्या दहाव्या हिश्श्याइतके हे अंतर. झाली ती भेट एवढीच.

वह्यांचा मेळ

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एवढ्या भेटीत कळले कसे?

पहिली वही कॅमेऱ्याची. अंतर ठाऊक होते; फोटोत ट्रायटन केवढा दिसतो ते मोजले आणि त्यावरून त्याचा व्यास निघाला सुमारे २,७०० किलोमीटर. म्हणजे तो आपल्या चंद्राहून लहानच ठरला! लहान असूनही दुरून तेवढा उजळ दिसतो, त्याअर्थी त्याचा पृष्ठभाग बर्फासारखा लख्ख पांढरा असला पाहिजे. आणि जो पृष्ठभाग आलेला बहुतेक उजेड परत फेकतो, त्याला ऊब मिळणार कुठून? तो फार थंड असला पाहिजे.

दुसरी वही वजनाची. रेल्वे फाटकापाशी उभे राहिले तर शिटी वाजवीत येणाऱ्या गाडीचा आवाज चढा लागतो, आणि गाडी पुढे गेली की तो उतरतो. यानाच्या रेडिओचेही तसेच असते. ट्रायटनच्या ओढीने यानाच्या वेगात जो किंचित फरक पडला, तो रेडिओच्या सुरात उमटला. त्यावरून ट्रायटनचे वजन काढले. वजनाला आकाराने भागले, तेव्हा तो पाण्याच्या दुप्पट घट्ट निघाला. याचा अर्थ, वरून बर्फ दिसत असले तरी पोटात दगडच जास्त.

तिसरी वही हवेची. पुढे जाताना यान पृथ्वीच्या दृष्टीने ट्रायटनच्या आड गेले. पाण्यात बुडवलेली काठी जशी वाकडी दिसते, तशी रेडिओची लहरही हवेतून जाताना किंचित वाकते. ट्रायटनच्या कडेवरून निसटताना ती किती वाकली, हे पृथ्वीवर मोजले. यानावरच्या अतिनील किरणांच्या उपकरणाने कडेवरून येणारा सूर्यप्रकाश तपासला. निष्कर्ष असा की, ट्रायटनला हवा आहे. ती मुख्यतः नायट्रोजनची आहे, मिथेन अगदी थोडा. आणि तिचा दाब पृथ्वीवरच्या हवेच्या सुमारे सत्तर हजाराव्या हिश्श्याइतका.

चौथी वही उष्णतेची. अवरक्त किरण मोजणाऱ्या उपकरणाने पृष्ठभागाचे तापमान सांगितले, शून्याखाली सुमारे २३५ अंश सेल्सियस.

आता खरा ताळा पाहा. नायट्रोजन गोठून त्याचे बर्फ झाले, तरी त्यातून थोडी वाफ सुटतच असते. कुठल्या थंडीला किती सुटते याचे कोष्टक पृथ्वीवरच्या प्रयोगशाळांत तयार झालेले आहे. शून्याखाली २३५ अंशांना नायट्रोजनच्या बर्फावर जेवढा दाब असायला हवा, जवळजवळ तेवढाच दाब तिसऱ्या वहीत नोंदलेला निघाला! थंडी मोजणारे उपकरण वेगळे, हवा मोजणारे वेगळे, कोष्टक तिसरीकडचे. तरी हिशेब जुळला. आमच्याकडे रोकडवही आणि बँकेचा उतारा जुळला की कारकून निःश्वास टाकतो. शास्त्रज्ञांचा विश्वास बसतो तोही असाच.

गोठलेल्या जगातील धुराडी

फोटोंमध्ये आणखी पुष्कळ निघाले. दक्षिणेकडे गुलाबीसर छटेचे नायट्रोजनचे बर्फ. दुसरीकडे खरबुजाच्या सालीसारखा खाचाखळग्यांचा, जाळीदार प्रदेश. उल्कापाताचे खड्डे मात्र फार थोडे. खड्डे थोडे, म्हणजे जुनी जमीन बुजून तिथे नवी झाली असली पाहिजे. तो पृष्ठभाग दहा कोटी वर्षांहूनही कमी वयाचा असावा असा अंदाज आहे. साडेचार अब्ज वर्षांच्या सूर्यमालेत हे वय कोवळेच म्हणायचे.

आणि सर्वांत मोठे नवल पुढेच आहे. यान निघून गेल्यावर काही आठवड्यांनी, वेगवेगळ्या कोनांतून काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा दोन ठिकाणी काळसर झोत सरळ वर चढताना दिसले. आठ किलोमीटर उंच जाऊन ते वाऱ्याने आडवे झाले होते आणि त्यांची शेपटी सुमारे दीडशे किलोमीटर लांब गेली होती. जिथे हवासुद्धा गोठते, तिथे हे धुराडे पेटले कसे? एक उलगडा असा : नायट्रोजनचे बर्फ काचेसारखे पारदर्शक असते. त्यातून ऊन खाली जाते आणि तळाचा काळपट थर थोडा तापतो. अवघे चार अंश वाढले तरी बर्फाखाली वायूचा दाब इतका चढतो की, तो वाट फोडून काळी धूळ घेऊन उसळतो. काही शास्त्रज्ञ म्हणतात, उष्णता पोटातून येत असावी. दोन्ही बाजू अजून मांडल्या जात आहेत.

त्याचे उलटे फिरणेही यात येते. ग्रहासोबत जन्मलेला चंद्र सहसा असा उलट फिरत नाही. म्हणून ट्रायटन हा मूळचा नेपच्यूनचा नव्हे. तो नेपच्यूनपलीकडच्या बर्फाळ गोलांपैकी एक असून वाटेत पकडला गेला, असे आज मानतात. २०१५ साली न्यू होरायझन्स हे यान प्लुटोजवळून गेले, तेव्हा तिथेही नायट्रोजनचे बर्फ आणि तशीच विरळ हवा आढळली.

शिल्लक

जमेची बाजू झाली. आता शिल्लक काय ते सांगतो. त्या एका भेटीत ट्रायटनचा सुमारे चाळीस टक्केच भाग नीट दिसला. उत्तरेकडचा मोठा भाग तेव्हा अंधारात होता. नेपच्यूनचे एक वर्ष आपल्या १६५ वर्षांचे, त्यामुळे तिथला ऋतूही पिढ्यान् पिढ्या चालतो. १९८९ नंतर दुसरे कुठलेही यान तिथे गेलेले नाही. ‘ट्रायडंट’ नावाच्या यानाचा प्रस्ताव नासापुढे आला होता, तो २०२१ साली मागे पडला आणि शुक्राकडे जाणाऱ्या दोन मोहिमांना पसंती मिळाली.

म्हणून शास्त्रज्ञ घरबसल्या वाट पाहत राहिले असे मात्र नाही. ट्रायटन एखाद्या ताऱ्यासमोरून सरकतो, तेव्हा त्याच्या हवेमुळे ताऱ्याचा उजेड एकदम न विझता हळूहळू मावळतो. १९९७ साली हबल दुर्बिणीने असे पाहिले, तेव्हा हवेचा दाब वाढल्याचे दिसले. ५ ऑक्टोबर २०१७ रोजी युरोपातून अनेकांनी तेच निरीक्षण केले, तर दाब पुन्हा व्हॉयेजरच्या आकड्याजवळ आलेला आढळला. हा चढउतार खरोखर किती आणि कशामुळे, याचा हिशेब चालू आहे. पण तुलना करायला १९८९ चा तपासलेला आकडा हाताशी आहे, म्हणूनच तो चालू शकतो. त्या दिवशी कॅमेरा हलला असता किंवा अधू यंत्राला संदेश ऐकू आला नसता, तर आज ही वहीच कोरी असती.

काही जण म्हणतील, ट्रायटनची थंडी कळून आमच्या घरची चूल पेटणार आहे काय? नाही पेटणार. पण एकच संधी मिळते तेव्हा तिच्यासाठी बारा वर्षे कशी तयारी करावी, आपलाच आधीचा अंदाज खोटा ठरला तर तो कसा खोडावा आणि जुळल्यावाचून आकडा कसा मानू नये, हे मात्र यातून शिकता येते. तेव्हा घरातले पोर अभ्यास करता करता “हे कशावरून?” असे विचारील, तर त्याला दटावून गप्प करू नका. उत्तर ठाऊक असेल तर सांगा. नसेल तर दोघे मिळून शोधा.