खड्ड्यांच्या रस्त्यावर लो प्रोफाइल टायर कशाला? आधी टायरवरचे आकडे वाचा

कारच्या टायरवर '१८५/६५ आर १५' असं लिहिलेलं असतं. १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे प्रोफाइल. टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे सुमारे १२० मिमी. 'आर' म्हणजे रेडियल आणि १५ हा रिमचा व्यास, इंचात.

मोठ्या अलॉयच्या हौसेपायी अनेक जण १९५/५५ आर १६ बसवतात. चाकाचा एकूण व्यास जवळपास तेवढाच, सुमारे ६२१ मिमी राहतो. त्यामुळे स्पीडोमीटर गंडत नाही. वळणावर गाडी अधिक घट्टही वाटते. पण टायरची बाजू १३ मिमीने कमी होते आणि खड्ड्याचा दणका झेलायला जागा उरत नाही. मग रिम वाकते किंवा टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. पावसाळ्यात तर पाण्याने भरलेला खड्डा दिसतही नाही.

म्हणूनच आपल्या रस्त्यांवर कंपनीने दिलेला साइझच शहाणपणाचा. बदलायचाच असेल, तर मॅन्युअलमधल्या पर्यायांपलीकडे जाऊ नका. शेजारचा '८८ एच'सारखा कोडही पाहा. ८८ म्हणजे एका टायरची भारक्षमता ५६० किलो, एच म्हणजे कमाल वेग ताशी २१० किमी. नवा टायर जुन्यापेक्षा कमी क्षमतेचा असेल, तर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका.