जुना टेंपो दुरुस्त करावा की काढावा? माझा हिशोब



चाकण-खेड पट्ट्यात ज्याच्या दारात जुना टेंपो उभा आहे, त्याच्या घरात हा विषय निघतोच. पोरं म्हणतात, काढून टाका आणि नवीन पिकअप घ्या. म्हातारी माणसं म्हणतात, चालतोय तोवर चालवा. आमच्याही घरात हेच चाललंय. माझं मत लिहितो, पटलं तर घ्या.

आमची गाडी 407, 2007 चं मॉडेल. काटा साडेचार लाखांवर गेलाय. टेल्कोने ही गाडी 1986 साली आणली, तेव्हा जपानी कंपन्यांच्या भागीदारीतल्या चार गाड्या बाजारात होत्या. त्यातल्या बहुतेकांची नावंही आज पोरांना माहीत नाहीत. 407 टिकली. कारण साधं आहे, भोसरीच्या लेथवाल्यापासून गावच्या फिटरपर्यंत कुणालाही ती खोलता येते. स्कॅनर लागत नाही, सेन्सर नाही. 2020 नंतरच्या बीएस-6 गाड्या धूर कमी करतात हे चांगलंच आहे, पण त्यांचा दिवा लागला की गावचा फिटर हात जोडतो.

आता इंजिनाचं काम निघालंय. पिस्टन, लायनर, क्रँक घासणं, नोझल, पंप, सगळं धरून फिटरने 1 लाख 10 हजार सांगितले. पोरगा म्हणतो, "अण्णा, एवढ्यात नव्याचं डाऊन पेमेंट होतंय."

म्हणून वही काढली. गेल्या वर्षभरात क्लच 14 हजार, रेडिएटर 9, पाटे 8, स्टार्टर 6, दोन टायर 24. झाले 61 हजार. शिवाय ऐन मालात 9 दिवस गाडी उभी राहिली, भाड्याची लावली, 3 हजारांप्रमाणे 27 हजार. एकूण 88. नवी गाडी लिटरला तीनेक किलोमीटर जास्त देईल. आमच्या वर्षाच्या 110 खेपांना त्याचे 17 हजार धरू. म्हणजे जुनी गाडी वर्षाला 1 लाख 5 हजार खाते. पाच वर्षांचे सव्वापाच लाख, अधिक इंजिन. साडेसहा लाखांच्या आत.

नवी पिकअप साडेदहा लाख. दीड लाख रोख, 9 लाख कर्ज, 10 टक्के व्याज, पाच वर्षं. हप्ता 19 हजारांचा. सगळे मिळून 13 लाख जातात. पाच वर्षांनी साडेचार लाखांना विकली असं धरलं तर खर्च साडेआठ लाख. थर्ड पार्टी विमा दोघींना सारखाच. जुनीची वाढीव फिटनेस फी आणि हरित कर, नवीचा पूर्ण विमा, हे एकमेकांत वळते केले.

म्हणजे फरक दोन लाखांचा, तोही पाच वर्षांत. नुसत्या आकड्यावर कुणीही कुठलीही बाजू घेऊ शकतो. माझ्या मते खरी गोष्ट वेगळीच आहे. आपलं उत्पन्न महिन्याला येत नाही. कांदा निघाला, भाव लागला, तर पैसा. हप्ता मात्र दर महिन्याला येतो. कांदा पाच रुपयांवर आला म्हणून बँक थांबत नाही. दुरुस्ती निदान पुढे ढकलता येते, फिटरकडे उधारी चालते. शेतकऱ्याने गाडी ठरवताना हे आधी बघावं. ज्याची गाडी महिन्याचे पंचवीस दिवस कंपनीचा माल ओढते, त्याने मात्र खुशाल नवीन घ्यावी. त्याचा हप्ता गाडीच फेडते.

पण दुरुस्तीलाही मर्यादा पाहिजे. मी तीन गोष्टी बघतो.

पहिली, चॅसी. इंजिन दहा वेळा उतरवून बांधता येतं, चॅसी नाही. युरियाच्या गोण्या आणि ओल्या कांद्याचं पाणी लोखंड खातं. खाली झोपून हातोडीने ठोकून बघा. ठण वाजलं तर बरं, बद्द वाजलं किंवा पापुद्रे पडले तर इंजिनावर रुपया घालू नका. आमची पाटे धरणाऱ्या ब्रॅकेटपर्यंत ठणठणीत आहे.

दुसरी, किलोमीटरपेक्षा तास मोजा. तळेगाव चौकात तास-तास गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकते. काटा हलत नाही, पण क्लच आणि रेडिएटर झिजतात. म्हणून मोशी, चाकणचा माल शक्यतो पहाटे न्यावा. आमच्या क्लचचे 14 हजार त्या चौकाचे आहेत.

तिसरी, ब्रेक. इथे घासाघीस नाही. पुढे-मागे कंटेनर, ट्रेलर, आणि गाडीत 45 पिशव्या कांदा. स्टिअरिंगवर आपलाच पोरगा असतो. ब्रेकला पैसे नसतील तर त्या दिवशी माल भाड्याने न्या.

काही लोक दिल्लीच्या बातम्या ऐकून घाबरतात. दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीचा तो नियम दिल्ली आणि आसपासच्या भागासाठी होता. केंद्राच्या 2021 च्या स्क्रॅप धोरणात गाडी भंगारात जाते ती फिटनेसमध्ये नापास झाली तर, नुसतं वय झालं म्हणून नाही. मात्र 1 एप्रिल 2022 पासून 15 वर्षांवरच्या व्यावसायिक गाडीची फिटनेस फी चांगलीच वाढली आहे आणि पासिंग दरवर्षी करावं लागतं. तेही खर्चात धरा.

काढायचीच ठरली तर नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, तिथलं ठेव प्रमाणपत्र नव्या गाडीच्या करात सवलतीला चालतं. कोऱ्या फॉर्मवर सही करून कुणाला देऊ नका. आरसीवर नाव तुमचं असेपर्यंत अपघाताची नोटीस तुमच्याच दारात येते.

आमचं ठरलंय. इंजिन करतोय. पण वहीत पोरासमोर दोन ओळी लिहून ठेवल्यात: चॅसीला तडा दिसला किंवा एका हंगामात गाडी 12 दिवसांपेक्षा जास्त उभी राहिली, तर तिच्यावर पुढचा खर्च नाही. मग मी हट्ट करणार नाही, पोरगा म्हणेल ती गाडी घ्यायची.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर आधी वर्षाची वही लिहा, मग भांडा.