एकाच स्तंभात समाज मावत नाही

मुस्लिम समाजाच्या शिक्षणाची चर्चा निघाली की एक आलेख हमखास फिरू लागतो. दोन उभे स्तंभ, एक देशाचा, एक मुसलमानांचा. देशाचा उंच, आपला बुटका. खाली शेरा असतो, 'हे लोक मुलींना शिकू देत नाहीत, दुसरं काय होणार?' मग आपल्यातले काही जण आकडाच खोटा आहे म्हणून चिडतात, काही जण मान खाली घालतात. आलेख अर्धा आहे, तो पुरा काढू या, असं कोणी म्हणत नाही. मला तेच म्हणायचं आहे.

आकडा खोटा नाही. 2001 च्या जनगणनेनुसार सात वर्षांवरील लोकसंख्येत साक्षरतेचं प्रमाण देशात 64.8 टक्के आणि मुसलमानांत 59.1 टक्के होतं. नोव्हेंबर 2006 मधल्या सच्चर समितीच्या अहवालातही मुसलमानांचा हाच आकडा आहे. फरक 5.7 टक्क्यांचा. पण उभा अक्ष शून्याऐवजी 55 पासून सुरू केला, तर देशाचा स्तंभ आपल्या दुपटीहून उंच दिसतो. आकडे तेच, चित्र वेगळं. म्हणून कोणताही स्तंभालेख समोर आला की आधी त्याच्या पायाकडे बघावं.

त्याहून मोठी गोष्ट पुढे आहे. एक स्तंभ म्हणजे एक सरासरी. आमच्या भूगावात जुनं गावठाण आहे आणि पौड रस्त्याच्या कडेने उभ्या राहिलेल्या सोसायट्याही आहेत. दोन्हींची मिळून काढलेली सरासरी धड गावठाणाचीही नसते आणि सोसायटीचीही नसते. समाजाचंही तसंच आहे. मुलींना शिकू देत नाहीत, असा आरोप असेल तर निदान स्त्री आणि पुरुष वेगळे दाखवायला हवेत.

शाळेच्या गणितात मुलं जोडस्तंभालेख शिकतात, विभाजित स्तंभालेख आणि शतमान स्तंभालेखही शिकतात. आपल्याला हवा आहे या दोन्हींचा मेळ. स्तंभ जोडीने शेजारी उभे, आणि प्रत्येक स्तंभ आतून विभागलेला. अडचण अशी की एक्सेलच्या यादीत 'क्लस्टर्ड' आणि 'स्टॅक्ड' असे दोन वेगळे प्रकार मिळतात, दोन्ही एकत्र असलेला तयार प्रकार मिळत नाही. तो मांडणीतून काढावा लागतो, आणि मांडणी सोपी आहे.

चार रकाने घ्या. पहिल्यात समूहाचं नाव, दुसऱ्यात पुरुष किंवा स्त्री, तिसऱ्यात साक्षर, चौथ्यात निरक्षर. पहिल्या दोन रकान्यांवरचे मथळे रिकामे सोडा. भारत, पुरुष: 75.3 आणि 24.7. त्याखाली स्त्री: 53.7 आणि 46.3. भारत हे नाव फक्त पहिल्या ओळीत लिहा, दुसऱ्या ओळीत ती जागा कोरी ठेवा. मग एक पूर्ण ओळ रिकामी सोडा. त्यानंतर मुस्लिम, पुरुष: 67.6 आणि 32.4. स्त्री: 50.1 आणि 49.9. आता सगळं निवडून 'स्टॅक्ड कॉलम' घाला. रिकाम्या ओळीमुळे दोन जोड्यांत अंतर पडतं. स्तंभावर राइट क्लिक करून 'फॉरमॅट डेटा सिरीज'मध्ये 'गॅप विड्थ' कमी केली की जोडीतले स्तंभ एकमेकांजवळ येतात. एखाद्या प्रोग्रॅममध्ये दोन पातळ्यांची नावं नीट आली नाहीत, तर एकाच रकान्यात 'मुस्लिम स्त्री' असं लिहिलं तरी चालतं.

इथे एक पथ्य आहे. पुरुषांचे 67.6 आणि स्त्रियांचे 50.1 टक्के एकावर एक रचू नयेत. ती बेरीज 117.7 होते आणि तिला काही अर्थ नाही. एका स्तंभात रचायचं ते एकाच पूर्णाचे भाग असले पाहिजेत. साक्षर आणि निरक्षर मिळून शंभर होतात, म्हणून ते रचता येतात. हा नियम मुलांना कळला की अर्ध्याअधिक फसव्या आलेखांना ती फसणार नाहीत.

आता तयार आलेख वाचू या. पुरुषांमध्ये देश आणि मुसलमान यांच्यात 7.7 टक्क्यांचं अंतर आहे. स्त्रियांमध्ये ते 3.6 टक्क्यांचं आहे. म्हणजे मुस्लिम पुरुष देशातल्या पुरुषांच्या जितके मागे होते, तितक्या मुस्लिम स्त्रिया देशातल्या स्त्रियांच्या मागे नव्हत्या. स्त्री-पुरुषांमधली दरी देशात 21.6 टक्क्यांची, मुसलमानांत 17.5 टक्क्यांची. 'मुलींना शिकू देत नाहीत' हे एकच कारण धरलं तर या आकड्यांची संगती लागत नाही. मग मुलगा शाळा सोडून गॅरेजवर किंवा कारखान्यात का जातो, घरात पैसा किती आहे, वस्तीजवळ शाळा आहे का, हे प्रश्न विचारावे लागतात. राज्य बदललं की चित्र आणखी बदलतं. त्याच जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता 76.9 टक्के होती आणि राज्यातल्या मुसलमानांची 78.1 टक्के.

पण हाच आलेख आपल्याला पाठ थोपटून घेऊ देत नाही. मुस्लिम स्त्रियांच्या स्तंभाचा निरक्षर भाग 49.9 टक्के आहे. दोघींपैकी एक. देशातल्या स्त्रियाही मागेच होत्या, हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. शिवाय साक्षर म्हणजे दहावी पास नव्हे, पदवीधर तर नव्हेच. बाहेरच्याला खोडून काढण्यापुरता आलेख वापरायचा आणि आपल्याकडे बोट दाखवणारा भाग झाकायचा, ही लबाडी आपणही करू नये.

हे आकडे आता जुने झाले आहेत. पुढची जनगणना 2027 मध्ये आहे. नवे आकडे येतील तेव्हा पुन्हा दोन-दोन स्तंभांचे आलेख फिरतील आणि पुन्हा शेरे पडतील. त्याआधी आपल्या मराठी आणि उर्दू शाळांतल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना हा आलेख स्वतः काढता आला पाहिजे. भाषा शिकवणाऱ्यांनी हे गणिताच्या शिक्षकांवर सोडून देऊ नये. वाक्य अर्धवट असेल तर आपण मुलांना ते पूर्ण करायला सांगतो. आलेखाच्या बाबतीतही तेच सांगायला हवं.