पहिल्या पावसात वीज का जाते?

मृगाच्या चार सरी आल्या, की छत्रपती संभाजीनगरात तक्रार ठरलेली : वीज गेली! कारण अनेकदा खांबावरच्या चिनी मातीच्या इन्सुलेटरमध्ये असते. ११ किंवा ३३ केव्हीच्या तारेतील वीज खांबात उतरू न देणे, हे त्याचे काम. उन्हाळ्यात तो तापतो, धूळ साचते. वर गार पाणी पडले, की तडा जाऊ शकतो; ओल्या धुळीतूनही वीज वाट काढते. प्रवाह खांबावाटे जमिनीत जातो आणि उपकेंद्रातील ब्रेकर फीडर बंद करतो. बारीक तडा खालून दिसत नाही. अंधारात, पावसात कर्मचाऱ्यांना एकेक खांब तपासावा लागतो. म्हणूनच मान्सूनपूर्व सफाई आणि तपासणी कागदावर उरकून चालणार नाही. आपणही ओल्या खांबाला हात लावू नये. बिघाड १९१२ वर कळवावा.