पाहुणचार आणि कर्बवायूचा हिशेब

इंदूरचा सराफा दिवसा सोन्याचांदीचा आणि रात्री खवय्यांचा. पेढ्या बंद झाल्या की त्यांच्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, गराडू आणि जिलेबी यांच्या कढया चढतात, आणि मध्यरात्र उलटली तरी ती गल्ली जागीच असते. या गर्दीत परगावच्या माणसांचा भरणा मोठा, आणि त्यांच्या मुक्कामावर राजवाडा-सराफा परिसरातील लहान लॉजे व घरगुती निवास चालतात. घरातील माणसेच व्यवस्थापक आणि घरातील माणसेच वाढपी, असा हा व्यवसाय आहे. त्याच्या माथी आता कर्बवायू कमी करण्याची जबाबदारी येत आहे. मालवणच्या किंवा काणकोणच्या घरगुती निवासांचा हिशेब याहून फारसा निराळा नसल्यामुळे आमच्या किनाऱ्यावरील वाचकांसही हा प्रश्न परका वाटू नये.

इंदुरात या हिशेबाचे एक कलम बरेचसे फिटले आहे. ताटात उरलेले अन्न उकिरड्यावर कुजले म्हणजे त्यातून मिथेन निघतो, आणि तो कर्बवायूपेक्षा कितीतरी पटींनी अधिक तापदायक असतो. तेथे ओला कचरा दारातूनच वेगळा उचलला जातो. देवगुराडिया येथे 19 फेब्रुवारी 2022 रोजी सुरू झालेल्या प्रकल्पाची क्षमता रोज 550 टन ओल्या कचऱ्यापासून वायू तयार करण्याची आहे, आणि त्या वायूवर शहरातील बसगाड्या धावतात. लॉजमालकाने करावयाचे ते एवढेच की दोन डबे वेगळे ठेवावे. लहान माणसाकडून मोठे काम करून घेण्याची ही रीत आम्हांस फार शहाणपणाची वाटते. आमच्या किनाऱ्यावरील नगरपालिकांनी पुरस्कारांची चौकशी करण्यापेक्षा तिची नक्कल करावी.

तथापि डबे वेगळे ठेवले म्हणजे कर्तव्य संपले, असा समज तेथेही होऊ नये. खोली भाड्याने देणाऱ्याचा खरा कर्बवायू ताटात नसून न्हाणीत आणि निजेत आहे. वीस लिटरची बादली आंघोळीपुरती तापविण्यास गिझर सुमारे अर्धा युनिट वीज घेतो. आपल्या देशात एक युनिट विजेमागे सरासरी 700 ग्रॅम कर्बवायू हवेत जातो. म्हणजे दहा पाहुण्यांच्या आंघोळीचा भार रोज साडेतीन किलो झाला. गच्चीवरील सौर बंब हा खर्च जवळजवळ पुसून टाकतो, आणि मालव्यात पावसाळा वगळता उन्हाची वाण नाही. शिवाय इंदुरात पाणी स्वतःच विजेवर चढून येते. 1978 पासून नर्मदेचे पाणी जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर अंतर घाटावर उचलून आणले जात आहे. त्या पंपांसाठी 60 मेगावॉटचा सौर प्रकल्प उभारावा म्हणून महापालिकेने फेब्रुवारी 2023 मध्ये 244 कोटी रुपयांचे हरित रोखे काढले. तेव्हा गळका नळ दुरुस्त करणे हेही तेथे वीज वाचविणेच होय.

यापुढचे कलम मात्र अवघड आहे. दीड टनी वातानुकूलन यंत्र एका रात्रीत आठ-दहा युनिटे सहज खाते. म्हणजे एका खोलीचा गारवा दहा जणांच्या आंघोळीच्या दुप्पट पडतो. ज्या प्रदेशाची रात्र ‘शब-ए-मालवा’ म्हणून नावाजली गेली, तेथे डिसेंबरातही खिडक्या लावून हे यंत्र चालविणारे पाहुणे आहेत. मे महिन्यात त्याची गरज नाही असे आम्ही म्हणत नाही. परंतु जाड भिंतींची, चौकाची, उंच छताची जुनी घरे पाडून किंवा त्यांच्या आत प्लायवूडच्या पेट्या उभारून त्यांत यंत्रे बसवायची, आणि मग पर्यावरणस्नेही अशी पाटी लावायची, हा उफराटा व्यवहार झाला. आमच्या जांभ्याच्या घरांचेही हेच चालले आहे. मालकाला दोष देणे सोपे आहे. यंत्र नसलेली खोली रिकामी राहते, हे त्याचे दुःख खरे आहे. त्यावर एक साधा मार्ग दिसतो. खोलीच्या भाड्यात यंत्राची वीज मिसळू नये. तिचा उपमीटर वेगळा ठेवावा आणि जो जितका गारवा घेईल त्याने तितके पैसे द्यावे. पंख्यावर निजणाऱ्या पाहुण्याने शेजारच्या खोलीचे बिल का भरावे?

सरकारच्या वाट्याचे कामही थोडे नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या सौर छपरास 78,000 रुपयांपर्यंत अनुदान मिळते. पण ते निवासी घरांसाठी आहे. चार खोल्या भाड्याने देऊन त्याच छपराखाली राहणारे कुटुंब घर समजावयाचे की दुकान? ज्या घरात मालक स्वतः राहतो आणि ज्याच्या खोल्या मोजक्याच आहेत, ते घर या अनुदानापुरते घरच मानावे, असे आमचे मत आहे. मध्य प्रदेश, महाराष्ट्र व गोवा या तिन्ही राज्यांची पर्यटन खाती घरगुती निवासांची नोंदणी करतातच; त्याच नोंदणीच्या आधारे हा निर्णय केंद्राकडून करवून घ्यावा, आणि तोही येत्या उन्हाळ्याची यंत्रे विकत घेतली जाण्यापूर्वी.