काचपेटीतील नवे पाणी

बाजारातून काचपेटी आणावी, त्याच सायंकाळी तीत दहाबारा मासे सोडावेत आणि आठवडाभरात एकेक मासा मरून तरंगू लागावा, हा अनुभव पुष्कळ घरांना येतो. मुले हिरमुसतात, मोठी माणसे दुकानदाराला बोल लावतात. परंतु दोष बहुधा पाण्याच्या नवेपणाचा असतो.

मासे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. उरलेले खाद्य कुजले की तो आणखी वाढतो. तो त्यांना विषासमान आहे. काही सूक्ष्मजंतू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. या जंतूंची वाळूत व गाळणीत पुरेशी वाढ होण्यास साधारणतः ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर दोनतीन गप्पी मासेच ठेवावेत आणि दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य घालावे. एखाद्या निरोगी, जुन्या पेटीतील मूठभर वाळू मिळाल्यास हा काळ कमी होतो.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन उडून जावा म्हणून ते २४ तास उघड्या भांड्यात ठेवावे. दर आठवड्यास सुमारे एक चतुर्थांश पाणीच बदलावे. सगळे पाणी उपसून पेटी घासल्यास या उपकारक जंतूंचा नाश होतो. गाळणीतील स्पंजही पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळावा.

मुलांना दिनदर्शिकेवर हे सहा आठवडे मोजावयास सांगावे. नव्या पाहुण्यांची वाट पाहण्यातही त्यांना आनंद वाटेल.