हौसेची गाडी

हिंगणघाटच्या गिरणी कामगारांच्या नातवांना आता स्पोर्ट्स कार घ्यावीशी वाटते. आम्ही नाक मुरडणार नाही. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी मिळकतीचे चार भाग सांगितले आहेत : एक उपभोगाला, दोन उद्योगाला, चौथा अडीअडचणीला. हप्ता, विमा, पेट्रोल, टायर हे सारे त्या उपभोगाच्या भागात बसते का, एवढे पाहा. बसत नसेल तर सेकंडहँड घ्या. पण कागद तपासून! महाराष्ट्रातच जन्मलेली 'अवंती' आठवते ना? एकाच गाडीवर अनेक कर्जे काढल्याच्या आरोपावरून डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी तिच्या निर्मात्याला अटक केली होती. तेव्हा चॅसिस व इंजिनचा नंबर स्वतः आर.सी.शी ताडून पाहा. त्यावर बँकेचा बोजा असेल, तर बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ हाती येईपर्यंत विसारसुद्धा देऊ नका. विकणारा कितीही प्रेमाने जयभीम घालो.